डेटा वेअरहाऊसिंगचा पेपर वजनकाट्यापासून सुरू करा : संगणकशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान अभ्यास मंडळे,
तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी परिसरातील महाविद्यालयांत हा विषय शिकवणारे प्राध्यापक

स. न. वि. वि.

अनेक अभ्यासक्रमांत डेटा वेअरहाऊसिंग (अहवाल आणि विश्लेषणासाठी व्यवहारांचा डेटा एकत्र साठवणे) हा विषय डेटा मायनिंगला जोडून येतो. पाच युनिटांपैकी एक, फार तर दीड युनिट त्याच्या वाट्याला येते. बिल इन्मन यांची चार विशेषणांची व्याख्या, ओएलटीपी (रोजचे व्यवहार नोंदणारी प्रणाली) आणि ओएलएपी (विश्लेषणाची प्रणाली) यांच्यातील फरकाचा तक्ता, स्टार आणि स्नोफ्लेकच्या दोन आकृत्या, रोल-अप, ड्रिल-डाऊन एवढे झाले की तास डेटा मायनिंगच्या अप्रायरी अल्गोरिदमकडे वळतो. विद्यार्थी पास होतात. पण त्यांच्यासमोर खऱ्या व्यवहाराची एखादी एक्सेल फाइल ठेवून "यातून फॅक्ट टेबल (मोजलेल्या आकड्यांचे टेबल) काढा" म्हटले की पेन अडते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. टेबलातली एक ओळ म्हणजे नेमके काय, हे आपण ठरवायचे असते, असे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

आमची विनंती अशी : डायमेन्शनल मॉडेलिंगला, म्हणजे मोजलेले आकडे (फॅक्ट) आणि त्यांचे संदर्भ (डायमेन्शन) अशी डेटाची मांडणी करण्याला, सबंध सत्रभर चालणारे प्रॅक्टिकल द्या. ते इथल्याच एका व्यवहारावर आणि मुद्दाम खराब ठेवलेल्या डेटावर चालवा. आणि शिकवण्याची सुरुवात व परीक्षा, दोन्ही ग्रेनच्या, म्हणजे टेबलातली एक ओळ नेमकी कशाची हे सांगणाऱ्या, वाक्यापासून करा. हे कसे जमेल आणि कुठे काय बिघडते, ते पुढे लिहिले आहे.

व्यवहार म्हणून आम्ही साखर कारखान्याचा ऊस वजनकाटा सुचवतो. अथणी, रायबाग, चिकोडी, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यातून आलेल्या मुलांना खोडवा, आडसाली, तोडणी टोळी, मुकादम, पंधरवडा बिल हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पुस्तकातली उदाहरणे परदेशी किराणा साखळीची असतात. तिथे डिस्काउंट कूपन म्हणजे काय हे समजून घेण्यातच तास जातो आणि मॉडेलिंग मागे राहते. मॉडेल करणाऱ्याला व्यवहार आतून माहीत असला, तरच तो योग्य शंका विचारतो. खानापूरकडच्या महाविद्यालयाने काजू किंवा भात घ्यावा, बेळगाव शहरातल्याने वडगाव-शहापूरचे यंत्रमाग किंवा उद्यमबागेतले कास्टिंग घ्यावे. आमचा आग्रह एवढाच की सत्रभर एकच व्यवहार असावा. दर आठवड्याला नवे खेळण्यातले उदाहरण आणले की प्रत्येक वेळी मॉडेल सोपे जाते, आणि अडचणी कधी समोर येतच नाहीत.

आता ग्रेन. या मॉडेलिंगचे प्रणेते राल्फ किंबॉल यांची चार पावले सगळ्यांना पाठ असतात : व्यवहार निवडा, ग्रेन ठरवा, डायमेन्शन ओळखा, फॅक्ट ओळखा. दुसरे पाऊल दुसरेच का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. ग्रेन ठरल्याशिवाय कोणते डायमेन्शन त्या ओळीला लागू पडते आणि कोणता आकडा त्या ओळीत बसतो, हे सांगताच येत नाही. विद्यार्थी पहिल्यांदा लिहितो : "एक ओळ म्हणजे काट्यावरची एक खेप." वाक्य ठीक वाटते. मग त्याला विचारा, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतील तर पावती एक की दोन? एका ट्रॉलीत दोन भावांच्या दोन प्लॉटमधला ऊस असेल तर? वाहन भरवजन करून आत गेले आणि मोकळे वजन अजून व्हायचे आहे, अशा वेळी ती ओळ धरायची का? या तिसऱ्या प्रश्नाचा विचार न करता मध्यरात्री डेटा उचलला, तर यार्डात उभी असलेली सगळी वाहने निव्वळ वजनाशिवाय येतात. कुणीतरी त्या रिकाम्या जागी शून्य भरतो आणि खेपेमागची सरासरी खाली येते.

सगळ्या शंका विचारून झाल्यावर वाक्य असे होते : "एक ओळ म्हणजे एका शेतकऱ्याच्या एका नोंदलेल्या प्लॉटमधला ऊस घेऊन आलेल्या एका वाहनाची, भरवजन आणि मोकळे वजन दोन्ही झालेली एक वजनपावती." या वाक्यातले शेतकरी, प्लॉट, वाहन हे नामशब्द पुढे डायमेन्शन होतात. भरवजन, मोकळे वजन, वजावट आणि निव्वळ वजन हे फॅक्ट. पावती क्रमांकाला स्वतःचे टेबल लागत नाही, तो फॅक्ट टेबलातच राहतो. मात्र हा क्रमांक दर हंगामाला पुन्हा एकपासून सुरू होत असेल, आणि दोन काटे असतील तर दोन्हीकडे तोच क्रमांक येईल. म्हणून ओळीची खरी ओळख हंगाम, काटा आणि पावती क्रमांक हे तीन मिळून होते. हे न पाहता नुसत्या क्रमांकावर युनिक बंधन घातले की दुसऱ्या हंगामाचा डेटा लोड होताना थांबतो.

ग्रेन चुकल्याचा फटका कसा बसतो, ते वर्गात आकड्यांनीच दाखवावे. एका शेतकऱ्याच्या चार पावत्या आहेत, एकूण ६२ टन. त्याची पंधरवड्याची दोन बिले झाली आहेत. विद्यार्थी पावत्या आणि बिले शेतकरी क्रमांकावर जोडतो. चार गुणिले दोन, आठ ओळी येतात आणि बेरीज १२४ टन होते. क्वेरी चालते, एरर येत नाही, चार्टही सुंदर दिसतो. मग बहुतेक जण डिस्टिंक्ट लावून सुटका करू पाहतात. त्याने कधी आकडा बरोबर येतो आणि कधी दोन पावत्यांचे वजन नेमके सारखे असल्याने एक पावतीच गळते. खरा उपाय वेगळा आहे. पावती आणि बिल हे दोन ग्रेन आहेत, म्हणून दोन फॅक्ट टेबले हवीत. आधी प्रत्येकाची स्वतंत्र बेरीज शेतकरी आणि हंगामानुसार काढायची, मग त्या दोन बेरजा शेजारी ठेवायच्या. हे जमण्यासाठी शेतकरी आणि तारीख ही डायमेन्शन दोन्हीकडे तीच, त्याच क्रमांकांची असावी लागतात. कन्फॉर्म्ड डायमेन्शन ही कल्पना अशा उदाहरणातून एका तासात कळते. नुसती व्याख्या सांगून ती उमगत नाही.

फॅक्टांच्या बाबतीत उसाचा साखर उतारा हे फार चांगले उदाहरण आहे. एका दिवशी ४,००० टन ऊस गाळला, उतारा १० टक्के. दुसऱ्या दिवशी १,००० टन, उतारा १२ टक्के. फॅक्ट टेबलात उतारा हाच कॉलम ठेवला, तर रिपोर्टिंग टूल सरासरी ११ दाखवते. खरा उतारा असा काढायचा : साखर ४०० अधिक १२० म्हणजे ५२० टन, भागिले ५,००० टन, म्हणजे १०.४ टक्के. म्हणून टेबलात उसाचे टन आणि साखरेचे टन ठेवायचे, आणि भागाकार बेरजेनंतर करायचा. हा फरक किती जड आहे, तेही सांगावे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये ठरवली होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ होती. सबंध हंगामाच्या उताऱ्यात ०.६ टक्क्यांची अशी चूक झाली, तर क्विंटलमागे १९.९२ रुपये, म्हणजे टनाला जवळजवळ २०० रुपयांचा घोळ. नॉन-अॅडिटिव्ह (ज्याची बेरीज करता येत नाही असा आकडा) हा शब्द यानंतर कुणाला पाठ करावा लागणार नाही.

बेरीज होणारे वजन आणि बेरीज न होणारा उतारा यांनंतर गोदामातला साखरसाठा हा तिसरा प्रकार. तीन गोदामांचा साठा एका दिवसासाठी बेरजेत घेता येतो, पण सोमवार ते शनिवारचा साठा एकत्र केला तर तीच पोती सहा वेळा मोजली जातात. त्यासाठी रोजच्या शिलकीचे वेगळे स्नॅपशॉट टेबल करायचे, आणि काळावर शेवटची किंवा सरासरी शिलक घ्यायची.

तारखेच्या डायमेन्शनवर आमच्या मते एक पूर्ण प्रॅक्टिकल खर्च करावे. विद्यार्थ्यांना वाटते, तारखेचा कॉलम आहे आणि एसक्यूएलमध्ये फंक्शन्स आहेत, मग वेगळे टेबल कशाला? १० मे २०२५ ही तारीख घ्या. साखर हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, म्हणून ही तारीख २०२४-२५ च्या हंगामात पडते. आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून, म्हणून ती २०२५-२६ मध्ये येते. कॅलेंडर वर्ष २०२५. हे तिन्ही कॉलम एकदा भरून ठेवले की प्रत्येक क्वेरीत केस-व्हेन लिहावे लागत नाही, आणि प्रत्येक जण वेगळा हंगाम धरत नाही. जिथे कारखान्याचा दिवस सकाळच्या पाळीपासून मोजतात, तिथे रात्री दोनची पावती आदल्या दिवसात जाते. तो नियम लोड करतानाच लावायचा असतो. पावतीला तोडणीची तारीख आणि वजनाची तारीख अशा दोन तारखा असतात. डायमेन्शन एकच, दोन वेगळ्या नावांनी दोनदा जोडायचे. त्यांच्यातले अंतर कामाचे असते, कारण तोडलेला ऊस जितका पडून राहतो, तितकी त्यातली साखर घटते. वेळ मात्र तारखेच्या टेबलात कोंबू नये. दहा वर्षांच्या तारखा साधारण ३,६५३ ओळींत बसतात आणि दिवसाची मिनिटे १,४४० ओळींत. दोन्ही एकत्र केली तर ५२ लाखांहून जास्त ओळींचे डायमेन्शन तयार होते, आणि तेही विनाकारण.

आता सगळ्यात अवघड आणि इथल्या डेटात सगळ्यात जास्त भेटणारी गोष्ट : डायमेन्शनमधले बदल. पुस्तकात ग्राहक एका शहरातून दुसऱ्या शहरात राहायला जातो आणि टाइप १ (जुने मूल्य पुसून नवे लिहिणे), टाइप २ (नव्या मूल्याची नवी ओळ करणे), टाइप ३ (जुने मूल्य शेजारच्या कॉलमात ठेवणे) समजावले जातात. आपल्या भागात जागा तिथेच राहते आणि तिची ओळख बदलते. कर्नाटक शासनाने १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव, विजापूर, गुलबर्गा यांसह अनेक शहरांची अधिकृत नावे बदलली. गाव डायमेन्शनमध्ये जिल्ह्याचे नाव हा टाइप २ कॉलम ठेवला असेल, तर त्या एका दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाची नवी ओळ तयार होते आणि अहवालात एकच जिल्हा दोन ओळींत दुभंगतो. प्रत्यक्षात हद्द बदललेली नव्हती, केवळ लेबल बदलले होते. इथे टाइप १ योग्य, आणि जुने नाव लागणारच असेल तर शेजारी एक वेगळा कॉलम.

तालुक्यांचे मात्र तसे नाही. निपाणी भाग आधी चिकोडी तालुक्यात होता. कागवाड अथणीतून, मूडलगी गोकाकमधून आणि कित्तूर बैलहोंगलमधून वेगळे झाले. त्याआधी १९९७ मध्ये धारवाड जिल्ह्यातून गदग आणि हावेरी निघाले. आता कुणी दहा वर्षांचा तालुकावार ऊस काढला, तर चिकोडीचा आकडा मध्येच कोसळलेला दिसेल. तिथे पाणी कमी झाले, की लोक दुसऱ्या पिकाकडे वळले? काहीच नाही, गावे दुसऱ्या तालुक्यात गेली. हद्द बदलल्यामुळे इतिहास जपायला टाइप २ लागते, पण नुसत्या टाइप २ ने वर्षा-वर्षांची तुलना फसते. म्हणून दोन कॉलम ठेवावेत : त्या वेळचा तालुका आणि आजचा तालुका. पहिला टाइप २ ने चालतो. दुसरा त्या गावाच्या जुन्या-नव्या सगळ्या ओळींत एकदम अद्ययावत केला जातो. जुना छापील अहवाल पुन्हा तसाच काढायचा असेल तर पहिला वापरायचा, समान क्षेत्राची तुलना करायची असेल तर दुसरा. कोणता बदल कोणत्या प्रकारात टाकायचा, हे कोणता प्रश्न विचारला जाणार आहे यावर ठरते, आणि नेमके हेच विद्यार्थ्याला कारणासह लिहायला लावले पाहिजे.

टाइप २ हाताने लोड करून पाहिल्याशिवाय कळत नाही. गावाचा मूळ क्रमांक वेगळा आणि वेअरहाऊसने प्रत्येक ओळीला दिलेली सरोगेट की वेगळी. मूळ क्रमांक म्हणून गावाचे नाव कधीही नको. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड असतो, तो घ्यावा. प्रत्येक ओळीला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा. चालू ओळीची 'पर्यंत' तारीख रिकामी ठेवली तर बिटवीन (दोन तारखांमधली अट) लावताच ती ओळ गळते, म्हणून तिथे ३१ डिसेंबर ९९९९ टाकतात. जुनी ओळ ज्या तारखेला संपते त्याच तारखेला नवी सुरू होत असेल, तर 'पासून' तारखेचा दिवस धरायचा आणि 'पर्यंत' तारखेचा सोडायचा. दोन्ही धरले की त्या एका दिवसाच्या पावत्या दोन ओळींना जुळतात आणि दुप्पट होतात. आणखी एक चूक हमखास होते : उशिरा आलेली जुनी पावती लोड करताना चालू ओळीची सरोगेट की लावली जाते. पावतीच्या तारखेला जी ओळ लागू होती तिचीच की शोधायला हवी. सरावाच्या डेटात अशा उशिरा आलेल्या शंभरएक पावत्या मुद्दाम ठेवा.

स्नोफ्लेकबद्दल, म्हणजे एक डायमेन्शन अनेक टेबलांत तोडण्याबद्दल, थोडेच. आदल्या सत्रात तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत घासून घेतलेले विद्यार्थी गाव, तालुका, जिल्हा अशी तीन टेबले सवयीने करतात. नॉर्मलायझेशन हे एकच माहिती दहा ठिकाणी बदलावी लागू नये म्हणून असते. वेअरहाऊसचे डायमेन्शन आपलाच लोड प्रोग्राम बदलतो, बाहेरचे कुणी नाही. हजार गावांच्या ओळींत जिल्ह्याचे नाव हजार वेळा आले तर काही किलोबाइट जातात, त्या बदल्यात प्रत्येक क्वेरीतले दोन जॉइन वाचतात. हे कारण सांगितले तर 'आधी नॉर्मलाइज करा आणि आता करू नका' हा विरोधाभास विद्यार्थ्यांना वाटत नाही.

सीमाभागातल्या डेटाची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत, आणि ती प्रॅक्टिकलमध्ये आलीच पाहिजेत. एकाच गावाची नोंद कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून येते. एकट्या मराठी लिपीतसुद्धा बेळगाव, बेळगावी, बेलगाम, चिकोडी, चिक्कोडी, निपाणी, निप्पाणी अशी रूपे सापडतात. आडनाव एका यादीत आधी आणि दुसऱ्या यादीत शेवटी. पाटील दीर्घ आणि पाटिल ऱ्हस्व. यावर उपाय म्हणून विद्यार्थी नावांवर फझी मॅचिंग चालवतात आणि एकाच गावातल्या दोन वेगळ्या शेतकऱ्यांचा ऊस एकाच्या नावावर जातो. सभासद किंवा नोंद क्रमांक असेल तर जोडणी त्यावरच व्हावी. नावाचे साम्य फक्त शंकेची यादी काढायला वापरावे, आणि ती यादी माणसाने तपासावी.

युनिकोडमध्येही फसगत होते. 'ऱ्य' हे जोडाक्षर वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या संकेतक्रमाने टाइप होते. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण जॉइनमध्ये ते जुळत नाहीत. एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणल्याने त्यातला काही भाग सुटतो. झीरो-विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) वापरलेली रूपे राहतातच, ती वेगळा नियम लावून बदलावी लागतात. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तर रोमन अक्षरांचा काला होऊन येतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय स्टेजिंगच्या (लोडपूर्वीच्या तात्पुरत्या टेबलांच्या) पुढे नेऊ नये. देवनागरी आकड्यांचे असे की पायथनचे इंट फंक्शन ते निमूट स्वीकारते, तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये संख्येत रूपांतर (कास्ट) करताना एरर येतो. त्यामुळे लोड कोणत्या पायरीवर फुटेल, हे टूलवर अवलंबून राहते. यूटीएफ-८ मधली सीएसव्ही फाइल बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीच्या संकेतखुणेशिवाय) असेल आणि विंडोजवरच्या एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली, तर मराठी अक्षरे बिघडतात. तशीच सेव्ह केली की मूळ फाइलही गेली. तारखांमध्ये ०३/०४/२०२५ हा ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरते. सेटिंग महिना आधी धरणारे असेल, तर १३/०४ सारखी तारीख मात्र तशीच मजकूर म्हणून राहते. अर्धा कॉलम तारीख आणि अर्धा मजकूर दिसला, की हीच चूक झालेली असते.

क्षेत्राच्या मापाचा सापळा याहून वाईट आहे. सीमेवरच्या कारखान्यांना दोन्ही राज्यांतून ऊस येतो. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, कर्नाटकच्या पहाणीत एकर-गुंठ्यांत. नोंदीत २.२० लिहिले असेल तर ते दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर, कारण एकराला ४० गुंठे. दशांश समजून २.२ धरले, तर १०० टन उसाचा एकरी उतारा ४० ऐवजी ४५ टनांवर जातो. सगळ्यात अवघड भाग हा की आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून कुणी तपासत नाही. एक हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर. स्टेजिंगमध्ये मूळ आकडा, मूळ एकक आणि रूपांतरित आकडा असे तीन कॉलम ठेवले तरच मागे जाऊन तपासता येते. गुंठ्यांच्या जागी ३९ हून मोठा आकडा आला, तर ती ओळ लगेच बाजूला काढावी.

लोड बरोबर झाला की नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या आकड्यांनी सिद्ध करता आले पाहिजे. मूळ फाइलमधल्या ओळी आणि टन, स्टेजिंगमधल्या ओळी आणि टन, फॅक्टमध्ये गेलेल्या, नाकारलेल्या. मूळ बरोबर फॅक्ट अधिक नाकारलेल्या, हे समीकरण किलोपर्यंत जुळलेच पाहिजे. बहुधा ते जुळत नाही, आणि कारण बहुधा एकच असते : ज्या पावतीचा वाहन क्रमांक यादीत नाही, ती इनर जॉइनमध्ये (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणाऱ्या जोडणीत) मुकाट्याने गळते. प्रत्येक डायमेन्शनमध्ये 'माहीत नाही' अशी एक ओळ, समजा उणे एक या कीची, आधीच घालून ठेवायची. लेफ्ट जॉइन (न जुळलेल्या ओळीही ठेवणारी जोडणी) करून न जुळलेल्या पावत्या तिला बांधायच्या. उसाचे वजन हरवत नाही आणि वाहनांच्या यादीत किती भोके आहेत तेही दिसते. तीच फाइल दुसऱ्यांदा लोड केली तरी आकडे बदलता कामा नयेत, ही दुसरी कसोटी. त्यासाठी त्या तारखेच्या ओळी काढून पुन्हा भरणे, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, हा शिकवायला सर्वांत सोपा मार्ग आहे.

साधनांवर पैसा लागत नाही. दिवसाला ५,००० टन गाळप आणि खेपेला सरासरी १५ टन धरले, तर रोजच्या साधारण ३३० पावत्या होतात. १५० दिवसांच्या हंगामात ५० हजारांच्या आसपास, दहा हंगामांच्या पाच लाख. प्रयोगशाळेतल्या ८ जीबी मेमरीच्या संगणकावर पोस्टग्रेस किंवा डकडीबी हे सहज पेलते. या विषयाची सुरुवात हडूपच्या (अनेक संगणकांवर डेटा वाटून चालवणाऱ्या प्रणालीच्या) इन्स्टॉलेशनने करू नये. त्यात तीन आठवडे जातात आणि मॉडेलिंग एक ओळही पुढे सरकत नाही. कॉलम-स्टोअर (ओळींऐवजी कॉलमनुसार साठवण) का वेगवान असते, हे दाखवायचे असेल तर तेच टेबल पोस्टग्रेस आणि डकडीबी दोन्हीकडे भरून तीच बेरीज चालवावी.

१४ आठवड्यांचे सत्र धरले, तर पहिले दोन आठवडे संगणकाला हात न लावता छापील पावत्या आणि शेतकी विभागात काम केलेल्या एखाद्या माणसाला विचारायचे प्रश्न यांत जावेत. ही चौकशी मराठीत किंवा कन्नडमध्ये होऊ द्यावी, कारण नोकरीतही ती तशीच होते. त्यानंतर ग्रेन आणि डायमेन्शन, मग तारीख, मग पहिला लोड. टाइप २ ला सलग दोन आठवडे द्यावेत. दुसरा व्यवहार म्हणून पंधरवडा बिले अकराव्या-बाराव्या आठवड्यात आणावीत, आणि शेवटी प्रत्येक गटाने आपले जुळवणीचे समीकरण तोंडी परीक्षेत मांडावे.

लेखी परीक्षेत "स्टार आणि स्नोफ्लेक यांतील फरक लिहा" या प्रश्नाऐवजी २० पावत्या छापून द्याव्यात, त्यांतल्या तीन-चार सदोष. विद्यार्थ्याने ग्रेनचे वाक्य लिहावे, आकृती काढावी, सदोष पावत्या कारणासह सांगाव्यात, आणि आपल्या मॉडेलमधून न मिळणारी दोन उत्तरे कोणती ते लिहावे. ग्रेनचे वाक्य चुकले आणि आकृती देखणी आली, तर आकृतीला पूर्ण गुण देऊ नयेत. तपासणाऱ्यांसाठी हे थोडे कष्टाचे आहे, पण पाठांतरावर हा पेपर सुटत नाही.

कोणत्याही कारखान्याच्या खऱ्या शेतकऱ्यांची नावे, मोबाइल, आधार किंवा बँक खाती प्रयोगशाळेत आणू नयेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी हे गैरच ठरले असते. काल्पनिक डेटा पुरतो, फक्त चुका खऱ्यासारख्या हव्यात.

असा डेटा आम्ही तयार करून विनामूल्य देऊ : दोन हंगामांच्या काल्पनिक पावत्या आणि बिले, तालुके बदललेली गावांची यादी, तीन लिप्यांतली नावे, एकर-गुंठे आणि हेक्टर मिसळलेली प्लॉट नोंद. त्यात पेरलेल्या चुकांची यादी शिक्षकांना वेगळी मिळेल, विद्यार्थ्यांना नाही. टाइप २ आणि जुळवणीच्या प्रॅक्टिकलला आमच्यापैकी कुणीतरी प्रत्यक्ष हजर राहू शकेल. हा बदल कोणत्या सत्रापासून विचारात घेता येईल, आणि प्रॅक्टिकलला आठवड्याला किती तास मिळतील, एवढे मंडळांनी कळवावे. तासांनुसार डेटाचा आकार आणि चुकांची संख्या कमी-जास्त करता येते.

आपले,
सीमाभागात डेटाबेस आणि रिपोर्टिंगचे काम करणारे काही अभियंते व शिक्षक
बेळगाव